वखारीत सुकं, घरात ओलं: लडलो गावातल्या जळाऊ लाकडाचं एक प्रकरण

हे प्रकरण इंग्लंडमधल्या लडलो या जुन्या बाजारगावचं. वेस्ट मिडलंड्समधल्या छोट्या धंद्यांचे हिशेब मी सांभाळतो. लडलोबाहेरची जळाऊ लाकडाची एक वखार त्यांतलीच. लिहायला मालकांची हरकत नाही, मात्र ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रकमा मुद्दाम गाळल्या आहेत. सुरुवातीचा प्रश्न साधा दिसत होता: सरकारी नियमात बसेल इतकं सुकं लाकूड कुठून आणायचं? तो सुटला, आणि खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू झाली.

पार्श्वभूमी

लडलो हे श्रॉपशर परगण्याच्या दक्षिण टोकाला, वेल्सच्या सीमेजवळचं गाव. टीम नदीच्या वळणात एका टेकाडावर नॉर्मन सरदारांनी अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात किल्ला बांधायला घेतला, त्याच्यापुढे आखीव रस्त्यांचं गाव वसवलं आणि लोकरीच्या व्यापारावर ते गब्बर झालं. किल्ल्यासमोरच्या चौकात अजूनही बाजार भरतो. पाचशेच्या आसपास इमारती वारसा यादीत आहेत. समोरून विटांचा नीटस दर्शनी भाग, आणि आत शिरलं की शतकानुशतकं जुना लाकडी सांगाडा, असं इथे पुष्कळ घरांचं आहे. ब्रॉड स्ट्रीट उतरत खाली गेलात की ब्रॉड गेट लागतं. मध्ययुगीन तटाच्या वेशींपैकी उभी राहिलेली ही एकच. तिच्या कमानीखालून एका वेळी एकच गाडी जाते, तीही जपून. त्यापलीकडे लोअर ब्रॉड स्ट्रीट थेट नदीपर्यंत उतरतो. दोन्ही बाजूंना घरं खेटून उभी, बहुतेकांचा उंबरा थेट फुटपाथवर.

गावात गॅसची जोडणी आहे. तरीही लोक लाकूड जाळतात. वारसा यादीतल्या घराची खिडकी बदलायची तर परवानगी लागते, भिंतींना आतून अस्तर द्यायचं तरी लागते. गॅसवर अख्खं घर तापवणं महाग, म्हणून संध्याकाळी बसायच्या खोलीतला काचेच्या दाराचा लोखंडी स्टोव्ह पेटवायचा आणि त्याच खोलीत वावरायचं. यात हौसेचाही वाटा आहे, नाही असं नाही.

वखार गावापासून काही मैलांवर एका शेतावर आहे, एका वडील-मुलीची. वडील पूर्वी झाडं तोडण्याची ठेकेदारी करत. उरलेलं लाकूड फोडून हिवाळ्यात विकायचा जोडधंदा होता. मुलीने तो हातात घेतला आणि तोच मुख्य झाला. वर्षाची विक्री 600 घनमीटरच्या आत. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरतो.

लाकूड बहुतेक ॲशचं. या झाडांवर बुरशीचा एक रोग आला आहे, ब्रिटनमध्ये तो 2012 साली पहिल्यांदा सापडला. शेंडे वाळत जातात, फांद्या ठिसूळ होतात, रस्त्याकडेची झाडं धोकादायक म्हणून पाडावी लागतात. त्यामुळे या भागात ॲशचे ओंडके मुबलक. ॲश तोडतानाच त्यातल्या त्यात कोरडा असतो: ताज्या ओंडक्याच्या वजनात साधारण तिसरा हिस्सा पाणी. ओकमध्ये ते निम्म्याच्या जवळ जातं. यामुळे ‘ॲश काय, ओलाही जळतो’ असा पक्का समज गावात आहे. वडिलांचाही तोच होता.

अडचण

1 मे 2021 पासून इंग्लंडमध्ये नवा नियम आला. घरगुती वापरासाठी दोन घनमीटरपेक्षा कमी मापात विकलेल्या लाकडात ओलावा 20 टक्के किंवा त्याहून कमी हवा, आणि त्यावर ‘रेडी टू बर्न’ हे प्रमाणपत्राचं चिन्ह हवं. दोन घनमीटर किंवा त्याहून जास्त घेणाऱ्याला ओलं लाकूड विकता येतं. पण ते कसं रचायचं, कसं वाळवायचं आणि वाळेपर्यंत का जाळायचं नाही, हे लेखी द्यावं लागतं. वर्षाला 600 घनमीटरच्या आत विकणाऱ्यांना एक वर्षाची सवलत होती, म्हणजे 1 मे 2022 पर्यंत. त्याच नियमाने पोत्यातला घरगुती दगडी कोळसाही बंद केला, आणि सुट्या कोळशाला 1 मे 2023 पर्यंतची मुदत दिली.

कारण धुराचं आहे. ओलं लाकूड जळताना आधी त्यातलं पाणी उकळतं. आग थंड पडते, वायू अर्धवट जळतात, धुराड्यात डांबरासारखा थर बसतो आणि उरलेलं बारीक कणांच्या रूपात शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातं. उष्णतेचा हिशेबही सरळ आहे. 20 टक्के ओलाव्याच्या एक किलो लाकडातून साधारण 4.1 युनिट उष्णता मिळते, 35 टक्क्यांच्या किलोतून 3.2. म्हणजे ओल्याचं गिऱ्हाईक पाण्याचे पैसे मोजतं, आणि ते पाणी उडवायला लाकूडही जाळतं.

वखारीला हे सगळं 2020 पासून ठाऊक होतं. पण सवलतीचं वर्ष हाताशी होतं, कोविडच्या काळात मागणी बरी होती, आणि वडिलांच्या मते असले नियम येतात नि जातात. लाकूड उघड्यावर ढिगात पडून असायचं, वर ताडपत्री. एक उन्हाळा गेला की ‘सुकलं’.

मग 2022 उजाडलं. 24 फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या भट्टीत वाळवलेल्या लाकडाचा मोठा भाग लॅटव्हिया-लिथुआनिया या बाल्टिक देशांकडचा बर्च असतो, आणि तिथल्या कारखान्यांना कच्चा माल काही प्रमाणात रशिया आणि बेलारूसकडून यायचा. तो निर्बंधांत अडकला. इकडे 1 एप्रिलला घरगुती गॅस-विजेच्या बिलाची कमाल मर्यादा सरासरी कुटुंबासाठी वर्षाला 1,277 पौंडांवरून 1,971 पौंडांवर गेली, आणि ऑक्टोबरमध्ये सरकारी आधार देऊनही ती 2,500 वर पोहोचली. एरवी मार्च-एप्रिलमध्ये वखारीचा फोन वाजत नाही. त्या वर्षी लोक पुढच्या हिवाळ्याचं लाकूड वसंतातच मागू लागले. नेमकी त्याच महिन्यांत सवलत संपत होती.

थोडक्यात, गिऱ्हाईक दाराशी उभं आणि विकायला कायदेशीर माल नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला: फक्त दोन घनमीटर आणि वरच्या मापात विकायचं. प्रमाणपत्राची कटकटच नाही. वडिलांचं मत याच बाजूचं होतं, आणि आसपासच्या शेतघरांसाठी ते बरोबरही होतं. तिथे गोठे आहेत, छपरं आहेत. पण गावातल्या घरात दोन घनमीटर लाकूड म्हणजे बैठकीची खोली रिकामी करण्याचाच प्रकार. गावातली गिऱ्हाइकं संख्येने निम्म्याहून जास्त होती.

दुसरा: बाल्टिक बर्च तयार घ्यायचा आणि विकायचा. चिन्ह लागलेला, एकसारखा, 25 सेंटिमीटर लांबीचा, छोट्या स्टोव्हला बरोबर बसणारा. पण त्या वसंतात पुरवठादार आठवड्याआड भाव बदलत होते आणि पूर्ण ट्रकचे पैसे आगाऊ मागत होते. आणि दोन मैलांवर ॲशची झाडं पाडून पडलेली असताना समुद्रापलीकडून लाकूड आणायचं, हे मुलीला पटत नव्हतं. हिशेबात पटण्या न पटण्याला रकाना नसतो, तरी असले निर्णय त्याच्यावरच फिरतात.

तिसरा: स्वतःची भट्टी. जाळीच्या पेट्यांत फोडलेलं लाकूड रचायचं, लाकडाच्याच भुशावर-ढलप्यांवर चालणाऱ्या बॉयलरची गरम हवा पंख्याने त्यातून फिरवायची. आठवड्याभरात माल तयार. दहा वर्षांपूर्वी अशा बॉयलरना सरकारी अनुदान होतं. 2011 ला सुरू झालेल्या त्या योजनेवर कितीतरी वखारींनी भट्ट्या उभ्या केल्या. 31 मार्च 2021 ला ती नव्या अर्जांसाठी बंद झाली. अनुदानाशिवाय आकडे जुळेनात. लाकूड सुकवायला लाकूड जाळायचं, यातला विनोद वडिलांनी प्रत्येक बैठकीत एकदा तरी ऐकवला, आणि तो अगदीच पोकळ नव्हता.

चौथा: निसर्गावर सोडायचं, पण नीट. बाजू उघडी असलेल्या छपराखाली, जमिनीपासून वर, फोडून रचून दोन उन्हाळे. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात स्वच्छ. पण दोन वर्षांचा माल पैशासकट अडकून पडतो, आणि 2022 च्या हिवाळ्यासाठी ही सुरुवात 2020 मध्ये व्हायला हवी होती.

पाचवा पर्याय मुलीने शोधला. परगण्यातल्या एका मोठ्या लाकूडवाल्याची भट्टी उन्हाळ्यात अर्धवट रिकामी असायची. तिथे मजुरीवर लाकूड वाळवून घ्यायचं. पिठाच्या गिरणीत दळण देतो तसंच: माल आपला, भट्टी त्याची, पैसे पेटीमागे.

पहिला निर्णय

पाचवा आणि चौथा यांची सांगड घातली. शेतावर एक जुना प्लॅस्टिकचा बोगदा होता, भाजीच्या रोपांचा. त्याची दोन्ही टोकं उघडून त्यात फोडलेला ॲश जाळीच्या पेट्यांत ठेवला. उन्हाळ्यात आतली हवा तापते, वारा आरपार जातो. ओलावा तीसच्या वरून पंचविशीच्या आसपास आला की पेट्या भट्टीला. आधीच अर्धवट सुकलेला माल भट्टीत कमी दिवस राहतो, म्हणून मजुरीही कमी पडते. प्रमाणपत्राची तपासणी झाली, चिन्ह मिळालं.

इथे एक तांत्रिक घोळ झाला, तो सांगण्यासारखा आहे. लाकडाचा ओलावा दोन रीतींनी मोजतात: ओल्या लाकडाच्या एकूण वजनाच्या प्रमाणात, किंवा पूर्ण सुक्या लाकडाच्या वजनाच्या प्रमाणात. नियमातले 20 टक्के पहिल्या रीतीचे. हातात धरायची दोन सुयांची यंत्रं मात्र सहसा दुसऱ्या रीतीने आकडा दाखवतात. शंभर किलो लाकडात वीस किलो पाणी असेल तर पहिल्या रीतीने 20 टक्के, पण दुसऱ्या रीतीने 20 भागिले 80, म्हणजे 25. वखारीत पहिल्या दोन खेपा यंत्रावर 20 दिसेपर्यंत भट्टीत ठेवल्या गेल्या, म्हणजे खरं तर सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत. माल उत्तम झाला, पण मजुरीचे जास्तीचे पैसे गेले. यंत्राची पुस्तिका पेटीतच होती.

ऑक्टोबर 2022 पर्यंत वखार सज्ज होती. भट्टीतल्या ॲशच्या जंबो बॅगा, प्रत्येकीवर चिन्ह, दर बर्चपेक्षा थोडा कमी. बॅग हे मापही या धंद्यात सैलच आहे. कुणाची जेमतेम 0.6 घनमीटरची, कुणाची पूर्ण एक घनमीटरची, जाहिरातीत दोन्ही ‘मोठी’. या वखारीने घनमीटर लिहूनच विकायचं ठरवलं. त्यामुळे पहिल्या महिन्यात काही गिऱ्हाइकं ‘महाग’ म्हणून गेली आणि पुढच्या महिन्यात परत आली.

पहिला हिवाळा

डिसेंबर 2022 च्या पंधरवड्यात ब्रिटनभर कडाक्याची थंडी पडली. सगळ्यांनी रोज स्टोव्ह पेटवले आणि तक्रारी सुरू झाल्या. लाकूड सुसूकारतं, काच काळी पडते, खोली तापत नाही, हवेचं भोक पूर्ण उघडलं तरच ज्योत टिकते. एकाने चिन्हाचा फोटो आणि काळ्या काचेचा फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवला, खाली एक अक्षर न लिहिता.

आधी सगळ्यांचा संशय भट्टीवर गेला. त्या मोठ्या लाकूडवाल्याने नोंदी काढून दाखवल्या. वखारीत उरलेल्या त्याच खेपेच्या बॅगा मोजल्या तर सगळ्या मर्यादेच्या बऱ्याच आत. आणि एक गोष्ट यादी पाहताना लक्षात आली: शेतघरांकडून एकही तक्रार नव्हती. सगळ्या गावातल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच वेशीच्या खालच्या.

मुलगी मीटर आणि छोटी कुऱ्हाड घेऊन घरोघर गेली. लाकडाचा ओलावा बाहेरून मोजून उपयोग नसतो. तुकडा उभा फोडायचा, नव्या उघड्या पडलेल्या अंगावर मधोमध, तंतूंच्या दिशेने सुया रोवायच्या. तिने लोकांसमोर फोडून मोजलं. (खालचे आकडे मीटरवरचे आहेत, म्हणजे 25 ही कायद्याची मर्यादा समजावी.)

लोअर ब्रॉड स्ट्रीटवरचं एक घर. बॅग क्रेनने फुटपाथच्या कडेला उतरवली होती, ट्रक निघून गेला होता. घरात सत्तरी ओलांडलेल्या एकट्या बाई. रोज एक टोपली भरून आत न्यायच्या. बॅगेचं तोंड उघडं, दहा दिवसांत तीनदा पाऊस. तुकडा फोडला तर आत 21, म्हणजे छान. पण बाहेरची साल आणि वरचा पातळ थर ओलाचिंब, सुया टेकवल्या की 33. सुसूकारा त्या थराचा होता. शिवाय बॅग येण्याजाण्याच्या वाटेत म्हणून शेजाऱ्यांची कुरबुर वेगळी.

दुसरं घर त्याच ओळीतलं. यांनी बॅग आल्या दिवशी सगळं लाकूड रस्त्यालगतच्या झडपेतून तळघरात ओतलं. पूर्वी तिथे कोळसा पडायचा. कोळशाला दमट तळघर चालतं, लाकडाला चालत नाही. लाकूड हवेतला ओलावा घेत-सोडत राहतं: 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवलं तर ते कालांतराने साधारण 12 वर स्थिरावतं, 90 टक्के आर्द्रतेत 20 वर. ही सगळी दुसऱ्या रीतीचीच मापं. म्हणजे नुसत्या दमट हवेने चांगलं लाकूड नियमाबाहेर जायचं नाही. पण इथे ढीग सरळ दगडी फरशीवर आणि नदीकडच्या भिंतीला टेकलेला. वरच्या तुकड्यात 17, मधल्यात 21, तळाच्या तुकड्यात 29, आणि त्यावर निळसर-करडी बुरशी. रोजच्या वापराला बाई-बुवा तळातून, झडपेजवळून काढत होते, कारण तेच हाताला जवळ.

तिसरं घर, ब्रॉड स्ट्रीटच्या वरच्या अंगाला. तिथे जिन्याखाली लाकडाच्या फळ्यांची मांडणी, लाकूड भिंतीपासून चार बोटं दूर, आठवड्यापुरतं स्टोव्हजवळच्या टोपलीत. एकाच खेपेतलं लाकूड, मीटरवर 15. त्यांची तक्रार वेगळीच निघाली, धुराडं चार वर्षं साफ केलेलं नव्हतं.

दुसरा निर्णय: पैसे परत करायचे का?

माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय हा. कायद्याने वखार सुरक्षित होती. विकताना माल मर्यादेत होता, चिन्ह खरं होतं, नोंदी होत्या. वडिलांचं म्हणणं स्पष्ट: फुटपाथपर्यंत आपलं, पुढे ज्याचं त्याचं. दूधवाला फ्रीज तपासायला आत येतो का?

मुलीचं म्हणणं वेगळं होतं. पूर्वी आपण ढिगातला माल ‘ॲश आहे, जळेल’ म्हणून विकत होतो, तेव्हा काच काळी पडली तर लोक हवामानाला दोष देत. आता आपण ‘जाळायला तयार’ असं छापून विकतो. त्या दोन शब्दांवरच लोक जास्त पैसे देतात. मग ते दाराच्या आत तसं राहील याची काळजी कुणाची?

तिने मधला मार्ग काढला. पैसे परत नाहीत. पण गावातल्या प्रत्येक तक्रारदाराला अर्ध्या बॅगेइतकं सुकं लाकूड फुकट, स्वतः आत नेऊन, रचून. तळघरवाल्यांचा ओला भाग परत वखारीत. उदारपणाइतकंच यात कुतूहलही होतं: आत नेऊन रचायला प्रत्यक्षात किती वेळ लागतो हे तिला पाहायचं होतं. एका घराला माणसं दोन, वेळ पाऊण तास. पायऱ्या असतील तर तासाच्या वर. हा आकडा पुढच्या सगळ्या फेरफाराचा पाया ठरला.

काय बदललं

2023 च्या हंगामासाठी वितरणाची पद्धतच नव्याने बांधली.

ऑर्डर घेताना पहिला प्रश्न ‘किती पाहिजे’ हा नाही, ‘कुठे ठेवणार’ हा. जिन्याखाली, मागच्या अंगणात, तळघरात? जागेचा फोटो मागवायचा. जागा पाहून माप ठरवायचं. गावासाठी जंबो बॅग बंद. त्याऐवजी हवेशीर जाळीच्या पिशव्या, एका माणसाला उचलतील अशा, एका वेळी फार तर अर्धा घनमीटर. संपलं की पुन्हा.

मोठा क्रेनवाला ट्रक गावात आणायचा नाही. साडेतीन टनांची साधी व्हॅन. बाजार नसलेल्या दिवशी सकाळी लवकर, गल्लीवार फेऱ्या: वेशीच्या वरच्या घरांसाठी किल्ल्याच्या बाजूने, खालच्या घरांसाठी लडफर्ड पुलाकडून. कमानीखालून जायचंच नाही. हे सुचायला इतका वेळ का लागला याचं आश्चर्य वाटतं, पण नकाशावर वेशीतून रस्ता सरळ दिसतो आणि चालक नकाशावरच भरवसा ठेवतात.

लाकूड आत नेऊन रचून द्यायचं, भिंतीपासून दूर, खाली फळ्या. तळघर असेल तर पॅलेट घातल्याशिवाय आणि झडप हवेला उघडी ठेवता येत असल्याशिवाय तिथे ठेवायला नकार. हा नकार द्यायला मुलगी बिचकत होती. गिऱ्हाइकाला त्याच्याच घरात काय करायचं ते सांगणं इंग्लंडमध्ये सोपं नाही.

रचण्याचे पैसे आधी वेगळे लावले. निम्म्याहून जास्त लोकांनी ती सेवा नाकारली, अर्थातच ज्यांना सर्वांत जास्त गरज होती त्यांनी आधी. डिसेंबरमध्ये ते शुल्क काढून टाकलं आणि गावासाठी दारातून आतपर्यंतचा एकच दर ठेवला, थोडा चढा. मग कुणी विचारलंही नाही.

आणि एक बदल फुकटात झाला. गावातल्या एका धुराडं साफ करणाऱ्याशी बोलणं झालं. धुराड्यात डांबराचा थर दिसला की तो ‘लाकूड कुठे ठेवता’ असं विचारतो. वखार प्रत्येक पहिल्या ऑर्डरला ‘धुराडं शेवटचं कधी झाडलं’ असं विचारते. दोघांनाही गिऱ्हाईक मिळतं.

निष्पन्न काय झालं

दुसऱ्या हंगामात ओल्या लाकडाच्या तक्रारी जवळपास थांबल्या. ज्या आल्या त्यांतल्या बहुतेक स्टोव्ह कसा पेटवायचा याच्या होत्या. फुटपाथवरच्या बॅगांवरून होणारी कुरबुर संपली.

पैशाचं चित्र इतकं गोंडस नाही. गावातल्या प्रत्येक घनमीटरमागे मजुरीचे तास दुपटीहून जास्त झाले. एकच दर लावल्यानंतरही गावातला नफा शेतघरांच्या तुलनेत कमीच. मोठ्या मापात घेणारी शेतघरं गावाला पोसतात, असं वडील म्हणतात. हिशेबाच्या वहीत तसंच दिसतं. दुसरीकडे गावातली गिऱ्हाइकं वर्षभर थोडं थोडं घेतात, त्यामुळे उन्हाळ्यातही पैसा येत राहतो आणि भट्टीची मजुरी त्यातून भागते. नुसता घनमीटरमागचा नफा पाहिला असता तर मी गाव सोडा म्हणालो असतो. महिन्यामहिन्याची रोकड पाहिल्यावर तसं म्हणता येत नाही.

गॅसचे दर 2023 मध्ये उतरू लागल्यावर घबराटीत लाकडाकडे वळलेले लोक गळाले. बाल्टिक बर्चही पुन्हा बाजारात आला. म्हणजे 2022 च्या भीतीत कर्ज काढून भट्टी बांधली असती तर ती आज अर्धी रिकामी असती. मजुरीच्या भट्टीलाही मर्यादा आहे: त्या मोठ्या लाकूडवाल्याचा स्वतःचा हंगाम तेजीत आला की छोट्यांची पेटी मागे पडते. म्हणून दोन उन्हाळ्यांचं छप्पर आता उभं राहिलं आहे, आणि भट्टीला जाणारा वाटा दरवर्षी कमी करायचा असा बेत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे नियम ठाऊक झाल्यानंतरची दोन वर्षं वाया गेली. 2020 च्या उन्हाळ्यात छप्पर बांधून ॲश रचला असता तर 2022 ला भट्टीची गरज निम्म्याने कमी असती. वडिलांचा ‘नियम येतात नि जातात’ हा अनुभव पूर्वी खरा ठरला होता, त्यामुळे त्यांना दोष देणं सोपं असलं तरी ते न्याय्य नाही. पण दगडी कोळशाचं काय झालं हे शेजारी दिसत होतं.

दुसरं, पहिल्या हंगामाआधी गावातली पाच-सहा घरं आतून पाहायला हवी होती. वखारीने सगळं लक्ष मालावर दिलं. रस्ता ते स्टोव्ह एवढ्या अंतराचा विचार कुणीच केला नाही. चिन्ह देणारी तपासणीही वखारीच्या दारापाशी संपते.

तिसरा मुद्दा वादाचा आहे, आणि त्यावर मुलीचं नि माझं एकमत नाही. खेटून बांधलेल्या गावात, नदीच्या खोलगट भागात, हिवाळ्याच्या निवांत संध्याकाळी धूर वर जात नाही, गल्लीतच रेंगाळतो. सुकं लाकूड ओल्यापेक्षा बरंच कमी धूर करतं, 1 जानेवारी 2022 नंतर विकले गेलेले नव्या मानकाचे स्टोव्ह त्याहून कमी करतात. पण गॅसच्या बॉयलरशी तुलना केली तर बारीक कण दोन्हींतून पुष्कळच जास्त. माझ्या मते ज्या घरात गॅस आहे आणि शेजारी दम्याचा पेशंट आहे तिथे वखारीने रोजच्या वापरासाठी लाकूड विकताना हे बोलून दाखवावं. तिच्या मते ते तिचं काम नाही. ती जास्तीत जास्त जुना स्टोव्ह बदलायला सुचवते. छापील माहितीपत्रकात सध्या एकच ओळ आहे: सुकं लाकूड, मोकळी हवा, लहान पण तेज आग, रात्रभर धुमसत ठेवू नका.

सध्याचा तिढा तळघरांचा. वेशीखालच्या ओळीत चार घरांना तळघराशिवाय जागाच नाही, आणि अर्धा घनमीटरही त्यांना जास्त होतो. त्यांच्यासाठी दर पंधरवड्याला दोन-तीन पिशव्यांची फेरी करून पाहिली. व्हॅन आणि दोन माणसांचा खर्च निघत नाही. आता तिथल्याच एका रहिवाशाने मागच्या अंगणातलं कोरडं कोठार चौघांसाठी वापरायला देऊ केलं आहे. पण घर वारसा यादीत असल्याने कोठाराच्या दाराला हवेसाठी फटी पाडायलाही आधी परवानगी काढावी लागणार. अर्ज लिहून झाला आहे, नकाशा जोडायचा बाकी आहे.